गवताखालचे पेव

प्रस्तावना

सत्कारसमारंभात पाहुण्यांना दिल्या जाणाऱ्या पुष्पगुच्छात एक उंच, ताठ दांडीचे फूल आपण पुष्कळदा पाहिले असेल. एकाच दांडीवर खालून वर ओळीने फुले लागलेली असतात. खालची फुले उमललेली असतात, तर टोकाकडच्या कळ्या अजून मिटलेल्या असतात. त्यांच्यासोबत तलवारीच्या पात्यासारखी लांब, टोकदार पाने असतात. हे फूल म्हणजे ग्लॅडिओलस. महाराष्ट्रातही अनेक शेतकरी त्याची लागवड करतात. बाजारातले हे फूल मात्र माणसाने संकर करून घडवलेले आहे. त्याचे रानातले पूर्वज दूर आफ्रिकेच्या डोंगरांवरील गवताळ प्रदेशात वाढतात.

हे रानफूल तेथे कसे जगते? आपल्या सह्याद्रीच्या पठारांवर त्याच रीतीने जगणाऱ्या वनस्पती कोणत्या? वर्षातील आठ महिने ओसाड दिसणाऱ्या जमिनीला 'पडीक' म्हणणे योग्य आहे का? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपल्याला
• कंदवर्गीय वनस्पती अन्नसाठा कसा व का करतात, हे सांगता येईल;
• आफ्रिकेतील आणि सह्याद्रीतील गवताळ प्रदेशांतील साम्य स्पष्ट करता येईल;
• 'पडीक जमीन' या संकल्पनेविषयी स्वतःचे मत कारणांसह मांडता येईल.

मूळ पाठ

१. नावातली तलवार

'ग्लॅडिओलस' हा शब्द लॅटिन भाषेतला आहे. 'ग्लॅडियस' म्हणजे तलवार आणि 'ग्लॅडिओलस' म्हणजे लहान तलवार. प्राचीन रोममध्ये आखाड्यात झुंजणाऱ्या योद्ध्यांना 'ग्लॅडिएटर' म्हणत. तो शब्दही याच मुळापासून झाला आहे. पानांच्या आकारावरून या वनस्पतीला हे नाव मिळाले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती केसर कुलातील आहे. काश्मीरमधील पांपोर येथे ज्याची शेती होते आणि ज्याच्या काड्या आपण श्रीखंडात घालतो, ते केशर याच कुलातले.

जगात ग्लॅडिओलसच्या सुमारे ३०० रानटी जाती आहेत. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जाती दक्षिण आफ्रिका आणि तिच्या लगतच्या प्रदेशात आढळतात. उरलेल्या जाती आफ्रिकेचे इतर भाग, मादागास्कर बेट, भूमध्य समुद्राकाठचे देश आणि पश्चिम आशिया येथे विखुरलेल्या आहेत. सह्याद्रीत मात्र यांपैकी एकही जात मूळची नाही.

रानटी जातींपैकी 'ग्लॅडिओलस डालेनी' ही जात विशेष महत्त्वाची आहे. पश्चिमेस सेनेगलपासून पूर्वेस इथिओपियापर्यंत आणि तेथून दक्षिणेस थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत ती गवताळ प्रदेशांत उगवते. तिची दांडी माणसाच्या कमरेइतकी, कधी खांद्याइतकीही उंच होते. फुले बहुधा शेंदरी असून त्यांचा कंठ पिवळा असतो. काही ठिकाणी ती निव्वळ पिवळी, तर काही ठिकाणी हिरवट रंगावर तपकिरी छटा असलेली असतात. आपल्याकडील शिंजिरासारखे लांब चोचीचे पक्षी मध पिण्यासाठी या फुलांकडे येतात आणि त्यांच्यामार्फत परागकण एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातात.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील बागायतदारांनी आफ्रिकेतून आणलेल्या जातींचे एकमेकांशी संकर केले. बेल्जियममधील घेंट शहरातून शतकाच्या मध्यास प्रसार पावलेला संकरित वाण पुढील अनेक वाणांचा मूळपुरुष ठरला. त्याच्या घडणीत डालेनी या जातीचा मोठा वाटा होता. आज फुलबाजारात दिसणारे लाल, गुलाबी, पांढरे, जांभळे ग्लॅडिओलस ही त्या संकरांचीच वंशावळ आहे.

याच जातीच्या एका रूपाची हकिकत उल्लेखनीय आहे. आफ्रिकेत झांबेझी नदीवर व्हिक्टोरिया धबधबा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे रेल्वेचा पूल बांधण्याचे काम चालू होते. १९०५ साली तो पूल खुला झाला. त्या कामाशी संबंधित असलेल्या फ्रान्सिस फॉक्स या अभियंत्याचे लक्ष धबधब्याच्या तुषारांत सतत भिजणाऱ्या एका फिकट पिवळ्या ग्लॅडिओलसकडे गेले. त्याने त्याचे कंद इंग्लंडला पाठवले. या फुलाची वरची पाकळी पुढे झुकलेली असते. त्यामुळे आतील पुंकेसरांवर जणू छप्परच येते आणि बाहेर पाणी उडत असूनही पराग कोरडे राहतात. परिस्थितीशी जुळवून घेण्याचे हे एक सुबोध उदाहरण आहे.

२. जेथे झाडे तग धरत नाहीत

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागात ड्राकेन्सबर्ग नावाची पर्वतरांग आहे. तिची काही शिखरे ३००० मीटरहून अधिक उंच आहेत. तिच्या उतारांवर विस्तीर्ण गवताळ प्रदेश पसरले आहेत आणि त्यांत ग्लॅडिओलसच्या अनेक जाती उगवतात. तेथे पाऊस उन्हाळ्यात पडतो, तर हिवाळा कोरडा आणि कडाक्याचा असतो. रात्री हिमतुषार पडतात आणि गवत वाळून कोळ होते. अशा वाळलेल्या गवताला विजेने किंवा माणसाच्या हातून आग लागते आणि पाहता पाहता डोंगरच्या डोंगर काळा पडतो.

कोवळ्या झाडांचे शेंडे गारठ्याने करपतात आणि उरलेले आगीत जातात. म्हणून अशा ठिकाणी वृक्षांना सहसा मोठे होता येत नाही. गवत आणि कंदवर्गीय वनस्पती मात्र टिकतात, कारण त्यांचे अंकुर जमिनीच्या आत सुरक्षित असतात. जमिनीवरून आग निघून जाते, तेव्हा काही सेंटिमीटर खोलीवरच्या मातीला तिची फारशी झळ पोहोचत नाही. पहिला पाऊस पडताच जळालेल्या जमिनीतून हिरवे कोंब वर येतात.

३. जमिनीतील धान्याचे कोठार

पूर्वी महाराष्ट्रातील खेड्यांत धान्य साठवण्यासाठी 'पेव' असे. वाड्यात किंवा गावालगत कोरड्या जागी खोल खड्डा खणून, तो आतून लिंपून, त्यात धान्य भरून तोंड बंद करीत. वरून चालणाऱ्याला आपल्या पायाखाली धान्य आहे याची कल्पनाही येत नसे. अडीअडचणीच्या वर्षी पेव उघडले जाई. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. एखादी गोष्ट एकाएकी विपुल प्रमाणात बाहेर येऊ लागली, म्हणजे तिचे पेव फुटले असे आपण म्हणतो.

कंदवर्गीय वनस्पती असेच पेव भरून ठेवतात. आपल्या स्वयंपाकघरात या पेवांचे चारही मुख्य प्रकार असतात. कांदा हा 'शल्ककंद' होय. त्यात अन्नसाठा मांसल पापुद्र्यांमध्ये असतो. सुरण आणि अळू यांचा कंद आतून भरीव असतो, त्याला 'दृढकंद' म्हणतात. बटाटा हा 'ग्रंथिक्षोड' होय आणि त्याच्यावरील डोळ्यांतून नवे कोंब फुटतात. आले आणि हळद जमिनीखाली आडवी पसरतात, त्यांना 'मूलक्षोड' म्हणतात. सामान्य व्यवहारात या सर्वांना आपण 'कंद' असेच म्हणतो. ग्लॅडिओलसचा कंद दृढकंद प्रकारचा आहे. आकाराने तो चपटा असतो आणि त्याच्यावर जाळीदार, तंतुमय आवरण असते.

या कंदाचे वर्षभराचे जीवन पाहण्यासारखे आहे. पाऊस आला की साठवलेल्या अन्नाच्या बळावर पाने आणि फुलांची दांडी वर येते. या कामात जुना कंद रिता होऊन सुरकुततो. त्याच वेळी त्याच्या डोक्यावर नवा कंद तयार होऊ लागतो. फुले कोमेजल्यानंतरही पाने हिरवी राहतात आणि सूर्यप्रकाशात तयार केलेले अन्न नव्या कंदात भरत राहतात. पेव भरले, की पाने पिवळी पडून वाळून जातात आणि जमिनीवर वनस्पतीचा मागमूस उरत नाही. मुख्य कंदाभोवती वाटाण्याएवढे लहान कंदही तयार होतात. त्यांच्यापासून पुढे स्वतंत्र रोपे वाढतात.

येथे एक अडचण उद्भवते. दर वर्षी नवा कंद जुन्या कंदाच्या वर तयार होत गेला, तर काही वर्षांत तो जमिनीच्या पृष्ठभागाशी येईल आणि ऊन, आग व गुरांचे खूर यांच्या तावडीत सापडेल. यावर उपाय म्हणून नव्या कंदाला काही जाड, खास मुळ्या फुटतात. वाढ पूर्ण झाल्यावर या मुळ्या आकसतात, त्यांच्यावर आडव्या वळ्या पडतात आणि कंद हळूहळू खाली ओढला जातो. 'आकुंचनशील मुळे' असे त्यांना म्हणतात.

बीपासून उगवलेल्या रोपाला फुलण्याइतके पेव भरण्यास साधारणतः दोन-तीन वर्षे लागतात. म्हणजे आपल्याला जे फूल चार दिवस दिसते, त्याच्यामागे काही वर्षांची साठवण असते.

४. आपल्या सह्याद्रीत

ही जीवनपद्धती फक्त आफ्रिकेत आढळते असे नाही. जेथे भरपूर पावसाचे थोडे महिने आणि कोरडेपणाचे अनेक महिने आळीपाळीने येतात, जेथे माती पातळ असते आणि झाडांची दाट सावली नसते, तेथे ती आढळते. महाराष्ट्रातील तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सातारा जिल्ह्यातील कास पठार.

कास पठार सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर असून समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १२०० मीटर आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्वालामुखीतून निघालेल्या लाव्हाचा बनलेला आहे. त्याच्या माथ्यावर कास येथे जांभ्या खडकाचा थर आहे. या खडकावर माती जेमतेम काही बोटे खोल आहे. पावसाळ्यात खळग्याखळग्यांतून पाणी साचते. उन्हाळ्यात तोच खडक तव्यासारखा तापतो. मोठ्या वृक्षाला खोल मुळे रोवण्यास तेथे जागाच नसते. मे महिन्यात तेथे गेलेल्या माणसाला वाळलेले गवत आणि उघडा कातळ यांवाचून काहीही दिसणार नाही.

तरीही या पठाराच्या परिसरात सुमारे साडेआठशे जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद झाली आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारशात समावेश केला. त्यांपैकी चार महाराष्ट्रातील आहेत. ती म्हणजे कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य.

५. फुलण्याचे वेळापत्रक

कासची फुले म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सप्टेंबर महिन्यातले गालिचे उभे राहतात. सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी-जांभळा आणि गेंदांचा पांढरा रंग सर्वत्र पसरलेला असतो. परंतु पठारावरील फुलोरा त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो आणि त्याचा आरंभ कंदवर्गीय वनस्पती करतात.

वळवाचे आणि मृगाचे पाऊस पडताच पंद आणि गडांबी कांदा यांची शुभ्र फुले उमलतात. पांढऱ्या फुलांची दीपकाडी डोके वर काढते. मुसळीची झुडपे जागी होतात. मुसळीच्या जवळच्या जातींची कोवळी पाने 'फोडशी' या नावाने पावसाळ्याच्या प्रारंभी बाजारात येतात आणि आवडीने खाल्ली जातात. त्यानंतर हळदीच्या कुळातील चवर फुलते. जमिनीवर वाढणाऱ्या आमरी फुलतात. पाण्याने भरलेल्या खळग्यांत वायतुरा दिसू लागतो.

वायतुऱ्याचा थोडा परिचय येथे करून देणे योग्य होईल. या पाणवनस्पतीच्या फुलांचा तुरा दोन फाट्यांचा असून इंग्रजी 'वाय' या अक्षरासारखा दिसतो. त्यावरून तिला हे नाव पडले. तिचे शास्त्रीय नाव 'अपोनोजेटॉन सातारेन्सिस' असे आहे. त्यातील दुसरा शब्द सातारा या नावावरून घेतला आहे. १९८२ साली या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. सह्याद्रीच्या पठारांवरील हंगामी डबक्यांखेरीज ती जगात अन्यत्र नैसर्गिकरीत्या आढळत नाही. डबके आटले की तिचा कंद चिखलात निजतो आणि पुढच्या पावसाची वाट पाहतो.

कंदवर्गीय वनस्पती आधी का फुलतात? तेरडा आणि सोनकी पावसाळ्यात बीपासून उगवतात. त्यांना प्रथम मुळे, मग पाने, मग फुले असा सारा संसार नव्याने थाटावा लागतो. त्यात दोन-तीन महिने जातात. कंदाजवळ मागील वर्षाची शिल्लक असते. त्यामुळे त्याला पहिल्याच पावसात फुलणे परवडते. त्या वेळी गवत अजून उंच वाढलेले नसते, जमिनीपर्यंत प्रकाश पोहोचतो आणि कीटकांना फुले दुरूनही दिसतात. पुढे गवत आणि इतर रोपे वाढतात, तोपर्यंत यांचे फुलण्याचे काम बरेचसे आटोपलेले असते. एकाच वितीएवढ्या मातीत अनेक जाती नांदू शकतात, त्याचे एक कारण हे वेळेचे वाटप होय.

याच पठारांवर आणि आसपासच्या डोंगरउतारांवर कंदीलपुष्पाच्या जाती आढळतात. त्यांचे फूल टांगलेल्या कंदिलासारखे किंवा फुगीर नळीसारखे असते. त्यात शिरलेली लहान माशी आतील केसांमुळे काही काळ अडकून पडते. पुढे केस मऊ पडल्यावर ती परागकण घेऊन बाहेर येते. या वनस्पतींचे कंद खाण्याजोगे असतात. गुराखी आणि रानात हिंडणारे लोक ते उकरून खात आले आहेत. काही जातींची संख्या आधीच थोडी होती. अधिवास घटला तशी ती आणखी कमी झाली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनी कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जातींची रोपे वाढवून त्यांच्या संवर्धनाचे काम केले आहे.

६. दोन खंडांत राहणारी कळलावी

ग्लॅडिओलसने आफ्रिका सोडून सह्याद्री गाठला नाही. तथापि दोन्हीकडे नैसर्गिकरीत्या वाढणाऱ्या कंदवर्गीय वनस्पतीही आहेत. त्यांपैकी कळलावी आपल्या परिचयाची आहे. पावसाळ्यात कुंपणांवर, झुडपांवर आणि माळाच्या कडेला ती चढते. तिच्या पानाचे टोक स्प्रिंगसारखे वळून आधाराला पकडते. तिच्या पाकळ्या मागे उलटलेल्या, कडांना लहरदार आणि ज्वाळांसारख्या असतात. प्रथम हिरवट-पिवळ्या असलेल्या या पाकळ्या पुढे लाल होतात. म्हणून तिला 'अग्निशिखा' असेही म्हणतात.

हेच फूल तमिळनाडूचे राज्यपुष्प आहे आणि आफ्रिकेतील झिंबाब्वे या देशाचे राष्ट्रीय पुष्पही हेच आहे. तमिळनाडूच्या काही जिल्ह्यांत शेतकरी बियांसाठी तिची लागवड करतात, कारण तिच्यातील 'कोल्चिसिन' हे द्रव्य औषधनिर्मितीत उपयोगी पडते. पूर्वी प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी तिच्या कंदाचा वापर होई, त्यावरून मराठीत 'कळलावी' हे नाव पडले असे मानतात. मात्र ही वनस्पती अत्यंत विषारी आहे. तिचा कंद पोटात गेल्यास प्राणावर बेतते. घरगुती औषध म्हणून तिचा वापर कधीही करू नये.

७. 'पडीक' म्हणजे काय?

शेतकरी एखादे शेत एक-दोन वर्षे नांगरत नाही, तेव्हा ते पडीक ठेवले असे म्हणतो. त्या शब्दात 'आज उपयोगात नाही' एवढाच अर्थ असतो. परंतु हाच शब्द माळ, सडे आणि पठारे यांना लावला गेला, की त्याचा अर्थ बदलतो. ती जमीन निरुपयोगी आहे, तेथे काहीच नाही, म्हणून तेथे काहीही करावे, असा समज दृढ होतो.

या समजाचे परिणाम अनेक ठिकाणी दिसतात. तमिळनाडूतील निलगिरी पर्वतावर दऱ्यांमध्ये 'शोला' नावाची दाट वने आणि माथ्यांवर विस्तीर्ण गवताळ प्रदेश होते. त्या गवतावर तोडा लोक पिढ्यान्‌पिढ्या म्हशी चारीत. इंग्रजांच्या राजवटीत आणि त्यानंतरही, जळण व उद्योगांच्या गरजेसाठी या गवताळ प्रदेशांवर ऑस्ट्रेलियातून आणलेल्या वृक्षांची लागवड झाली. त्यांतील एका वृक्षाला आपण मराठीत 'निलगिरी' असेच म्हणू लागलो. पर्वताचे नाव परदेशी झाडाला मिळाले आणि पर्वताचे स्वतःचे गवत मात्र मोठ्या प्रमाणावर नाहीसे झाले. दक्षिण आफ्रिकेतही ग्लॅडिओलसच्या गवताळ भूमीचे मोठे पट्टे पाइन आणि निलगिरीच्या लागवडीखाली गेले आहेत.

वृक्ष लावणे हे चांगले काम आहे, यात शंका नाही. पण प्रत्येक कामाला योग्य जागा असते. गवताळ प्रदेशातील वनस्पती उन्हात वाढणाऱ्या आहेत. त्यांच्यावर दाट सावली पडली, की त्यांच्या पानांना अन्न तयार करता येत नाही, पेव रितेच राहते आणि काही वर्षांत कंद मरून जातो.

महाराष्ट्रातील सड्यांवर आणि पठारांवर इतर दबावही आहेत. कोकणातील सड्यांवर कातळ फोडून, बाहेरची माती भरून बागा केल्या जातात. चिऱ्यांच्या खाणी निघतात. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी आणि वनकुसवडे या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. विजेची गरज खरी आहे, आणि बाग करणाऱ्या शेतकऱ्याचा संसारही खरा आहे. म्हणून या कामांकडे केवळ दोष देण्याच्या दृष्टीने पाहून चालणार नाही. मात्र रस्ता कोठून न्यावा, पाया कोठे खणावा, कोणता खळगा तसाच ठेवावा, हे ठरवण्यापूर्वी त्या जमिनीखाली काय आहे याची पाहणी व्हायला हवी. ही पाहणी पावसाळ्यात करावी लागते. मे महिन्यात पाहणाऱ्याला जमीन रिकामीच दिसणार.

८. राखावे कसे?

कासचे नाव सर्वदूर झाल्यानंतर पावसाळ्याच्या अखेरीस तेथे पर्यटकांची मोठी गर्दी होऊ लागली. छायाचित्रासाठी फुलांत बसणे, फुले तोडणे, वाहने पठारावर चढवणे असे प्रकार होऊ लागले. तेव्हा वनविभाग आणि परिसरातील गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या यांनी प्रवेशशुल्क आकारण्यास सुरुवात केली आणि दररोज येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. फुलांच्या रक्षणासाठी जाळीचे कुंपणही उभारण्यात आले.

कुंपणामुळे तुडवणे कमी झाले. पण त्याबरोबरच गुरांचे चरणेही थांबले. गवत उंच माजू लागले आणि त्याखाली बुटक्या फुलझाडांना प्रकाश मिळेनासा झाला, असा अनुभव स्थानिक लोकांनी आणि काही अभ्यासकांनी मांडला. पुढे ही जाळी काढण्यात आली. या अनुभवातून शिकण्यासारखे बरेच आहे. गवताळ प्रदेश शेकडो वर्षे चरणाऱ्या जनावरांसोबत राहिला आहे. जनावरे मुळीच नसली तरी तो बदलतो आणि अति झाली तरी बिघडतो. योग्य प्रमाण कोणते, हे त्या भूमीवर राहणाऱ्या गुराख्यांना आणि तिचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना मिळूनच ठरवावे लागेल.

पर्यटकानेही एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. फूल तोडल्याने त्या वर्षीचे बी जाते. पाने तुडवल्याने मात्र पुढच्या वर्षाची शिदोरी जाते. फुले संपली म्हणून माळावर गाड्या नेणे किंवा मुक्काम ठोकणे हानिकारक ठरते, कारण नेमक्या त्याच दिवसांत पाने जमिनीखाली अन्न पोहोचवीत असतात. कंद उकरून घरच्या कुंडीत लावण्याचा मोहही टाळावा. जांभ्या खडकावरचा कंद कुंडीत बहुधा जगत नाही.

ज्यांचे बालपण गुरांमागे गेले, शेताच्या बांधावर गेले, त्यांना अशा कितीतरी वनस्पती नावानिशी ठाऊक असतात. कोणता कंद खावा, कोणता टाळावा, कोणते फूल आले की पेरणीला हात घालावा, हे ज्ञान बहुतेक वेळा कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. ते ज्येष्ठांच्या तोंडी असते आणि त्यांच्याबरोबर नाहीसे होते. आपल्या गावाजवळ माळ, सडा किंवा पठार असेल, तर येत्या मृगात एकदा तेथे जाऊन पाहावे. कोणती फुले आली, कोणत्या दिवशी आली, आजी-आजोबा त्यांना काय म्हणतात, हे वहीत टिपून ठेवावे. उद्या त्या जमिनीविषयी गावात काही निर्णय घ्यायची वेळ आली, तर ग्रामसभेत ती वही उपयोगी पडेल.

आपण काय शिकलात

• ग्लॅडिओलसच्या रानटी जाती प्रामुख्याने आफ्रिकेतील असून त्या कंदात अन्नसाठा करून प्रतिकूल काळ काढतात.
• सह्याद्रीच्या पठारांवर पंद, दीपकाडी, वायतुरा, कंदीलपुष्प, कळलावी इत्यादी वनस्पती याच रीतीने जगतात.
• साठवलेल्या अन्नामुळे कंदवर्गीय वनस्पतींना पहिल्या पावसातच फुलता येते.
• गवताळ प्रदेश ओसाड दिसला तरी निरुपयोगी नसतो. त्याच्या वापराचा निर्णय पाहणी करूनच घ्यावा.

शब्दार्थ

पेव – धान्य साठवण्याचा जमिनीतील खड्डा
पेव फुटणे – एकाएकी विपुल प्रमाणात बाहेर येणे
अधिवास – सजीवाची राहण्याची नैसर्गिक जागा
सडा – जांभ्या खडकाचा सपाट, उघडा माळ
शिदोरी – प्रवासासाठी बरोबर घेतलेले अन्न. येथे, पुढील वर्षासाठीची साठवण
तग धरणे – टिकून राहणे

पाठान्त प्रश्न

१. ग्लॅडिओलसला हे नाव कशावरून मिळाले?
२. शल्ककंद, दृढकंद, ग्रंथिक्षोड आणि मूलक्षोड यांचे प्रत्येकी एक उदाहरण द्या.
३. आकुंचनशील मुळांचे कार्य स्पष्ट करा.
४. कंदवर्गीय वनस्पती तेरडा व सोनकी यांच्या आधी का फुलतात?
५. कास पठारावरील कुंपणाच्या अनुभवातून कोणता बोध घेता येईल?
६. 'माळरान म्हणजे पडीक जमीन' या विधानाविषयी आपले मत दहा ते बारा ओळींत लिहा.
७. 'पेव फुटणे' आणि 'तग धरणे' या वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.